खर्ची पडलेल्या उष्मांकांचा हिशेब

दिवसाअखेर मनगटी घड्याळाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर ‘खर्च झालेल्या कॅलरीं’चा जो आकडा उमटतो, तो एक अंदाज असतो, त्या व्यक्तीच्या शरीरातून प्रत्यक्षात किती ऊर्जा बाहेर पडली याचे मोजमाप त्यामागे झालेले नसते. हे एकदा नीट ध्यानात घेतले की उष्मांकांची नोंद ठेवण्याचे काम सोपे होते आणि त्यातला अनावश्यक ताणही जातो, कारण चांगल्या अंदाजाचा उपयोग कसा करावा आणि वाईट अंदाजापासून सावध कसे राहावे, एवढाच प्रश्न मग शिल्लक उरतो. एक ग्रॅम पाण्याचे तापमान एक अंश सेल्सिअसने वाढवण्यासाठी जेवढी उष्णता लागते तिला शास्त्रीय परिभाषेत एक कॅलरी म्हणतात. आहार आणि व्यायाम यांच्या चर्चेत मात्र कॅलरी म्हणजे तिच्या हजारपट असलेली किलोकॅलरी, आणि मराठीत तिलाच उष्मांक हा शब्द रूढ आहे. पाच ग्रॅम साखरेच्या एका चमच्यात असे सुमारे 20 उष्मांक असतात, हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवले तर पुढील आकडे समजून घेणे सुकर होईल.

जिवंत शरीर उष्णता किती देते हे मोजण्याचा पहिला गंभीर प्रयत्न लाव्हॉझिए आणि लाप्लास या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1780 नंतरच्या दशकात केला. बर्फाने वेढलेल्या कप्प्यात गिनीपिग ठेवून त्याच्या अंगच्या उष्णतेने किती बर्फ वितळतो, हे त्यांनी पाहिले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेत विल्बर ॲटवॉटर यांनी माणूस आत राहू शकेल अशी बंदिस्त खोली उभारून हेच मोजमाप माणसावर केले. कर्बोदके आणि प्रथिने यांच्या प्रत्येक ग्रॅममागे 4 आणि स्निग्ध पदार्थांच्या प्रत्येक ग्रॅममागे 9 उष्मांक हे आज प्रत्येक वेष्टनावरच्या गणिताचे जे मूळ आहे, तेही त्यांच्याच कामातून आलेले आहे. शरीर एक लिटर प्राणवायू वापरते तेव्हा सुमारे 5 उष्मांक मोकळे होतात, हा संबंध पक्का झाल्यावर तोंडाला मुखवटा लावून श्वासातील वायू तपासणे पुरेसे ठरले, आणि चालणे, पळणे, केर काढणे अशा शेकडो कामांचा खर्च प्रयोगशाळांमध्ये मोजता आला. घड्याळ आणि ॲप जे आकडे दाखवतात त्यांचा पाया असल्या मोजमापांच्या सरासरीवर घातलेला असतो.

एखाद्या दिवसाचा एकूण खर्च तीन भागांचा बनतो. पहिला आणि सर्वांत मोठा भाग मूलभूत चयापचयाचा, म्हणजे माणूस स्वस्थ पडून असतानाही हृदय, मेंदू, यकृत, मूत्रपिंडे आणि श्वसन यांच्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा असतो. बैठे काम करणाऱ्यांच्या बाबतीत तो एकूण खर्चाच्या निम्म्याहून बराच अधिक भरतो. दुसरा भाग खाल्लेले अन्न पचवून शरीरात सामावून घेण्यासाठी लागणाऱ्या ऊर्जेचा असून तो साधारण एक दशांश असतो. तिसरा भाग हालचालीचा, आणि त्याचेही दोन पोटभाग पडतात: ठरवून केलेला व्यायाम, आणि व्यायाम या नावाखाली न येणारी उरलेली सगळी हालचाल, म्हणजे घरकाम, बाजारहाट, जिने चढणे, उभे राहणे, लोकलमागे धावणे, अगदी बसल्या जागी चुळबुळ करणेसुद्धा. नोंद ठेवणाऱ्यांचे सारे लक्ष व्यायामाकडे जाते आणि हा शेवटचा पोटभाग वहीत येतच नाही. हिशेब चुकण्याचे ते सर्वांत मोठे कारण आहे.

मूलभूत चयापचयाचा अंदाज करण्यासाठी 1990 साली प्रसिद्ध झालेले मिफ्लिन-सेंट जिओर यांचे सूत्र आज सर्रास वापरले जाते. किलोग्रॅममधील वजनाला 10 ने, सेंटिमीटरमधील उंचीला 6.25 ने आणि वर्षांमधील वयाला 5 ने गुणावे, पहिल्या दोन गुणाकारांच्या बेरजेतून तिसरा वजा करावा, आणि आलेल्या संख्येत पुरुषांनी 5 मिळवावेत तर स्त्रियांनी 161 वजा करावेत, असे ते सूत्र आहे. 55 किलो वजनाच्या, 155 सेंटिमीटर उंचीच्या, 40 वर्षांच्या स्त्रीसाठी ते दिवसाला सुमारे 1158 उष्मांक एवढे उत्तर देते. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी 2020 साली भारतीयांसाठी ज्या शिफारशी प्रसिद्ध केल्या, त्यांत 65 किलोचा पुरुष आणि 55 किलोची स्त्री हे प्रमाण धरून बैठे काम करणाऱ्यांची रोजची गरज अनुक्रमे 2110 आणि 1660, मध्यम कष्टाचे काम करणाऱ्यांची 2710 आणि 2130, तर अतिकष्टाचे काम करणाऱ्यांची 3470 आणि 2720 उष्मांक सांगितली आहे. एकाच वजनाच्या दोन स्त्रियांमध्ये केवळ कामाच्या स्वरूपामुळे हजाराहून अधिक उष्मांकांचा फरक पडू शकतो, हे या आकड्यांवरून दिसते. म्हणून दुसऱ्या कोणाच्या आहाराचे किंवा व्यायामाचे वेळापत्रक उचलून स्वतःला लावणे धोक्याचे असते.

हालचालीचा खर्च मोजण्याचे सोयीचे एकक ‘मेट’ हे आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च म्हणजे 1 मेट, आणि त्याचे प्रमाण दर किलो वजनामागे दर तासाला 1 उष्मांक असे धरले जाते. एखाद्या कामाचे मूल्य 4 मेट असेल तर त्या कामात स्वस्थ बसण्याच्या चौपट ऊर्जा लागते. बार्बरा एन्सवर्थ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली अशा मूल्यांचा संग्रह प्रथम प्रसिद्ध केला आणि त्याच्या सुधारित आवृत्त्या वेळोवेळी निघत आल्या आहेत. त्यात ताशी 4.8 किलोमीटर वेगाने चालण्याचे मूल्य सुमारे 3.5, ताशी 5.6 किलोमीटरच्या झपझप चालण्याचे 4.3, ताशी 9.6 किलोमीटरने पळण्याचे 9.8, दोरीवरच्या उड्यांचे 11 हून अधिक, तर स्वयंपाकाचे 2 च्या आसपास, केर काढण्याचे 3.3 आणि हाताने कपडे धुऊन वाळत घालण्याचे 4 असे आढळते. सूर्यनमस्कारांचाही त्यात उल्लेख असून त्यांचे मूल्य 3.3 दिलेले आहे. मेट, वजन आणि तासांमधील वेळ यांचा गुणाकार केला की त्या कामाचा एकूण खर्च मिळतो.

येथे एक चूक हमखास होते. त्या गुणाकारात स्वस्थ बसण्याचा खर्च आधीच मिसळलेला असतो, आणि तोच खर्च मूलभूत चयापचयातही धरलेला असल्यामुळे दोन्हींची बेरीज केली की तो दोनदा मोजला जातो. म्हणून मेटमधून 1 वजा करून मगच गुणाकार करावा. येणारे उत्तर हा त्या कामामुळे पडलेला जादा खर्च असतो आणि आहाराशी तुलना करायची तर तीच संख्या उपयोगाची असते. शिवाय दर किलोमागे दर तासाला 1 उष्मांक हे प्रमाण सर्वांना सारखे लागू पडत नाही. 2005 साली 769 प्रौढांवर झालेल्या एका अभ्यासात प्रत्यक्ष सरासरी 0.84 एवढीच आढळली होती, त्यामुळे झोप आणि विश्रांती यांचा हिशेब मेटने न करता वरील सूत्रानेच करणे अधिक सुरक्षित ठरते.

उदाहरणातील त्याच स्त्रीचा एक दिवस घेऊ. ती कार्यालयात आठ तास बसून काम करते आणि सकाळ-संध्याकाळ घर सांभाळते, असे समजावे. अर्धा तास केर-फरशी केली की जादा खर्च होतो 63 उष्मांक, दोन तासांच्या स्वयंपाकात 110, वीस मिनिटांच्या धुण्यात 55, आणि स्टेशनपर्यंतच्या व बाजारातल्या मिळून अर्ध्या तासाच्या साध्या चालण्यात 69. संध्याकाळी ती मुद्दाम अर्धा तास झपझप चालली तर 91 आणि पहाटे पंधरा मिनिटे सूर्यनमस्कार घातले तर 32 उष्मांक वाढतात. कार्यालयातील बसणे 1.3 मेटचे धरले तर आठ तासांचे 132 होतात. हे सारे मिळून 552 उष्मांक झाले. ते 1158 मध्ये मिळवले की 1710 येतात, आणि अन्नपचनाचा एक दशांश वाटा लक्षात घेता दिवसाचा एकूण खर्च 1900 च्या जवळपास जातो. शिफारशींतील 1660 आणि 2130 या दोन आकड्यांच्या मध्ये तो बसतो, म्हणजे अंदाज वावगा नाही.

या हिशेबातले खरे सांगणे बेरजेत नाही. व्यायाम म्हणून जे केले त्याचे 123 उष्मांक झाले, आणि ज्याला कोणी व्यायाम म्हणत नाही त्या केर-फरशी, स्वयंपाक, धुणे आणि येण्याजाण्याचे 297 झाले. म्हणजे अडीच पटींच्या घरात. ‘दिवसभर काम करते, पण व्यायाम होत नाही’ असे सांगणाऱ्या स्त्रियांच्या पहिल्या वाक्यार्धाकडे सल्ला देणाऱ्यांनी जेवढे लक्ष द्यायला हवे तेवढे दिले जात नाही, असे या ठिकाणी स्पष्टपणे म्हटले पाहिजे. उलट बाजूही तितकीच खरी आहे: धुण्याचे यंत्र, वरकामाला बाई, दारात येणारा किराणा आणि घरून चालणारे कार्यालय या चार गोष्टी एकाच वर्षात घरात आल्या, तर रोजचे दीडदोनशे उष्मांक कोणाच्या लक्षातही न येता खर्चातून गळतात, आणि ते भरून काढायला जिममधला अर्धा तास पुरतोच असे नाही. त्याच वेळी हेही सांगायला हवे की घरकामात धाप लागेल अशी मेहनत क्वचितच होते, आणि हृदयाला व फुप्फुसांना तिचीही गरज असते. जागतिक आरोग्य संघटनेने 2020 साली प्रौढांसाठी आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम किंवा 75 ते 150 मिनिटे जोरकस हालचाल सुचवली आहे; चालताना बोलता येते पण गाणे म्हणता येत नाही, ही मध्यम हालचालीची साधी खूण मानली जाते. सूर्यनमस्कार, दंड-बैठका किंवा वजने उचलणे यांचे मोल उष्मांकांच्या रकान्यात शोधूच नये, कारण त्यांतून स्नायूंचे बळ टिकते आणि ते आकड्यात दिसत नाही.

गुणाकार-भागाकार टाळायचा असेल त्यांच्यासाठी अंतरावरचा ठोकताळा पुरेसा आहे. सपाटीवर साध्या गतीने चालताना दर किलोमीटरला दर किलो वजनामागे साधारण अर्धा उष्मांक जादा खर्च होतो, आणि पळताना जवळजवळ एक. यावरून 60 किलोच्या माणसाला एका किलोमीटरच्या चालण्यात 30 उष्मांक लागतात. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे 250 किलोमीटरचे अंतर पायी काटणाऱ्या त्याच वजनाच्या वारकऱ्याचा जादा खर्च 7500 उष्मांकांच्या आसपास जातो, आणि शरीरातील एक किलो चरबीत साठलेली ऊर्जा सुमारे 7700 उष्मांक मानली जाते. वारी यासाठी केली जात नाही हे उघडच आहे. तरी एक किलो चरबी म्हणजे केवढी मोठी पुंजी असते हे समजण्यासाठी तिच्याइतके नेमके माप मराठी माणसाला दुसरे सापडणे कठीण. दहा हजार पावलांचेही असेच आहे. हा आकडा 1965 साली जपानमध्ये विक्रीला आलेल्या ‘मान्पो-केई’ नावाच्या, म्हणजे दहा हजार पावले मोजणाऱ्या, उपकरणाच्या नावातून जगभर पसरला. 60 किलोच्या माणसासाठी तेवढी पावले म्हणजे साडेसहा-सात किलोमीटर आणि जेमतेम 200 उष्मांक.

चढाचा हिशेब निराळा असतो, कारण तेथे शरीर प्रत्यक्ष वर उचलावे लागते आणि स्नायू खर्च केलेल्या ऊर्जेपैकी पाव भागही क्वचितच कामात उतरवतात. उरलेली उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. 60 किलोच्या माणसाने तीन मीटरचा एक मजला चढला तर दोनपेक्षा कमी उष्मांक लागतात, म्हणजे चमचाभर साखरेसाठी बारा मजले. आतकरवाडीकडून सिंहगड चढताना उंचीतील वाढ सुमारे 600 मीटरची धरली, तर केवळ उंची गाठण्यासाठी 340 ते 420 उष्मांक लागतील, आणि पाठीवर सामान असेल तर त्याचे वजनही 60 किलोंत मिळवावे लागेल. गडावर गेल्यावर पिठले-भाकरी, कांदाभजी आणि मडक्यातले दही यांवर हा सगळा खर्च सहज भरून निघतो. आनंदासाठी तो भरून काढावाही, फक्त वहीत दोन्ही बाजू लिहाव्यात.

मनगटी घड्याळे हृदयाचे ठोके त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून मोजतात आणि हालचाल त्वरणमापकाने, म्हणजे वेगातला बदल टिपणाऱ्या सूक्ष्म यंत्राने ओळखतात. उष्मांक ती मोजत नाहीत, या दोन्हींवरून अनुमान काढतात. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी 2017 साली 60 स्वयंसेवकांवर अशी सात उपकरणे तपासली, तेव्हा सातपैकी सहांची ठोक्यांच्या मोजणीतली चूक 5 टक्क्यांच्या आत होती, पण उष्मांकांच्या बाबतीत सर्वांत चांगल्या उपकरणाची सरासरी चूक 27 टक्के आणि सर्वांत वाईटाची 93 टक्के निघाली. कारणे समजण्यासारखी आहेत. कणीक मळताना मनगट हलते आणि पावले वाढतात. भरलेली कळशी घट्ट धरून चालताना हात स्थिर राहतो आणि श्रम असूनही ते नोंदले जात नाहीत. वैशाखातल्या दुपारी, कडक चहानंतर किंवा नुसत्या काळजीनेही ठोके वाढतात आणि घड्याळ त्याला मेहनत समजते. म्हणून घड्याळ वापरूच नये असे मात्र नाही. एकच उपकरण, एकाच हातावर, रोज वापरले तर त्याची चूक बरीचशी एकाच दिशेची राहते, आणि गेल्या आठवड्यापेक्षा या आठवड्यात हालचाल वाढली की घटली एवढे ते विश्वासाने सांगते. पडद्यावरचा आकडा मूलभूत चयापचयासह एकूण खर्चाचा आहे की केवळ हालचालीचा, हे मात्र पहिल्याच दिवशी तपासून घ्यावे. तसेच आहाराच्या ॲपमध्ये ‘मध्यम सक्रिय’ असा पर्याय निवडला असेल तर घड्याळातले उष्मांक त्यात पुन्हा जोडू नयेत. तीच हालचाल दोन ठिकाणी मोजली जाते आणि खाण्याची मुभा आहे असा खोटा दिलासा मिळतो.

सूत्रे, मेट आणि घड्याळ या तिघांचाही पडताळा घेण्याची एक घरगुती रीत आहे आणि तीच सर्वांत भरवशाची आहे. चार आठवडे जे खाल्ले ते सारे प्रामाणिकपणे लिहावे, आणि रोज सकाळी, प्रातर्विधीनंतर व काही खाण्यापूर्वी वजन करून त्याची आठवड्याची सरासरी काढावी. एका दिवसाच्या वजनावर विश्वास ठेवू नये, कारण मीठ, पाणी आणि मासिक पाळी यांमुळे ते एक-दोन किलोंनी सहज वरखाली होते. सरासरी स्थिर राहिली तर जेवढे खाल्ले तेवढाच खर्च झाला. चार आठवड्यांत ती अर्ध्या किलोने घटली, तर खर्च रोज सुमारे 140 उष्मांकांनी अधिक होता. वाढली तर तेवढ्यानेच कमी. या रीतीचा कच्चा दुवा खाण्याच्या नोंदीत असतो, कारण माणसे खाल्लेले कमी लिहितात हे संशोधनात वारंवार आढळले आहे, आणि मराठी स्वयंपाकघरात ही चूक बहुधा तेलात होते. फोडणीचे तेल कोणी मोजून घालत नाही. त्यावर उपाय म्हणजे महिन्याचे तेल घरातल्या माणसांत वाटून पाहावे: माणशी महिन्याला एक लिटर तेल लागत असेल तर रोजचे सुमारे 30 ग्रॅम, म्हणजे 275 उष्मांक केवळ तेलातून पोटात जातात, आणि ते पोळीच्या, भाजीच्या वा आमटीच्या रकान्यात निराळे दिसत नाहीत.

हिशेब बरोबर ठेवूनही वजन अपेक्षेइतके उतरत नाही, तेव्हा शरीराच्या एका स्वभावाकडे लक्ष द्यावे लागते. टांझानियातील हाड्झा या शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या लोकांचा ऊर्जाखर्च हर्मन पाँट्झर आणि सहकाऱ्यांनी मोजून 2012 साली प्रसिद्ध केला. ही माणसे रोज कितीतरी अधिक चालतात, तरी शरीराच्या आकाराचा हिशेब केल्यावर त्यांचा एकूण खर्च पाश्चात्त्य शहरवासीयांपेक्षा वेगळा आढळला नाही. जादा व्यायामाची भरपाई शरीर इतरत्र काटकसर करून काही अंशी करते, असा त्याचा एक अर्थ लावला जातो. उलट दिशेचे उदाहरण जेम्स लेव्हिन आणि सहकाऱ्यांच्या 1999 सालच्या अभ्यासाचे: 16 स्वयंसेवकांना आठ आठवडे रोज 1000 उष्मांक जादा खाऊ घातले, तेव्हा कोणाच्या अंगावर अवघी 0.36 किलो तर कोणाच्या अंगावर 4.23 किलो चरबी चढली, आणि या फरकाचा मुख्य संबंध व्यायामेतर हालचालीशी निघाला. सकाळच्या पळण्याने दमून दुपारभर पलंगावर पडून राहिले तर वहीत पळणे लिहिले जाते, पडणे लिहिले जात नाही. आणि ‘आज व्यायाम झाला आहे’ म्हणून घेतलेला 300 उष्मांकांच्या घरातला वडापाव वरील उदाहरणातल्या स्त्रीला तिच्या झपझप चालण्याची सुमारे शंभर मिनिटे मागतो. म्हणून वहीत व्यायामाच्या रकान्याशेजारी ‘दिवसाचे बसणे’ हा एक रकाना अवश्य असावा.

वही साधीच असावी. तारीख, मुद्दाम केलेल्या हालचालीची मिनिटे, एकूण पावले, लागोपाठ बसून काढलेले तास आणि सकाळचे वजन एवढे पुरते. उष्मांकांचा गुणाकार आठवड्यातून एकदा, रविवारी निवांत बसून करावा आणि आकडे दहाच्या पटीत लिहावेत, कारण 247 असा काटेकोर आकडा नसलेल्या अचूकतेचा आभास निर्माण करतो. एखाद्या दिवशी काही लिहायचे राहिले तर तो रकाना कोरा सोडावा. आठवणीने भरलेले आकडे जवळजवळ नेहमी स्वतःच्या बाजूने झुकलेले असतात.

काही जणांनी हा हिशेब एकट्याने करू नये. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या मधुमेहींची साखर जादा श्रमाने धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते, त्यामुळे व्यायाम वाढवणे आणि खाणे कमी करणे या दोन्ही गोष्टी त्यांनी डॉक्टरांशी बोलूनच कराव्यात. गर्भवतींना रोज सुमारे 350 आणि पहिल्या सहा महिन्यांत अंगावर पाजणाऱ्या मातांना सुमारे 600 उष्मांक अधिक लागतात असे राष्ट्रीय शिफारशी सांगतात. त्या काळात खर्च-जमेची तूट काढण्याचा विचारच करू नये. वाढत्या वयाच्या मुलामुलींच्या हाती तर ही वही देऊच नये, आणि ज्याला प्रत्येक घासामागे आकडा दिसू लागला आहे, आकडा चुकला की जेवण टाळावेसे वाटते आहे, त्याने वही त्याच दिवशी बंद करून जवळच्या माणसाला आणि डॉक्टरांना ते सांगावे. इतरांनाही ती कायम चालवण्याची गरज नसते: बारा आठवड्यांत स्वतःच्या दिवसाचा अंदाज अंगवळणी पडतो, आणि पुढे नोकरी बदलली, घर बदलले, गुडघा दुखावला किंवा पावसाळ्याने फिरणे बंद पाडले, अशा वेळी चार आठवड्यांसाठी ती पुन्हा उघडली तरी काम भागते.